होप कोणतं आन् विश कोणतं

आमच्या घरात इंग्रजी शिरलं ते मस्कतच्या एका गोदामातून.

माझे मालक तिकडं कामाला आहेत. तेलंगणातल्या तलमडुगुजवळच्या आमच्या गावातून आखातात गेलेले हे काही पहिले नाहीत, पण आमच्या घरातून पहिलेच. गोदामात खोकी उतरवायची, रचायची, गाडीत भरायची, असं काम. वरचा सुपरवायझर मल्याळी. त्याला हिंदी येतं, पण कामावर तो इंग्रजीच बोलतो. हे नवीन होते तेव्हाची गोष्ट. कोपरा चेपलेलं एक खोकं यांनी ‘ब्रोकन’ म्हणून बाजूला काढलं. सुपरवायझरनं ते सगळ्यांसमोर उघडायला लावलं. आतल्या कपबशा सगळ्या धड. ‘हे ब्रोकन नाही, डॅमेज्ड आहे,’ तो म्हणाला. ‘आधी फरक शीक, मग खोक्याला हात लाव.’ शुक्रवारी यांना सुट्टी असते, तेव्हा आमचा व्हिडिओ कॉल होतो. त्या शुक्रवारी हे सगळं मला हसत हसत सांगत होते, पण यांचं हसणं मी ओळखते. माणूस चांगलाच दुखावला होता.

मी म्हटलं, ‘फुटो मेल्याच्या कपबशा.’

हे मात्र जिद्दीला पेटले. तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्यासाठी एक जोडी यायला लागली. दोन इंग्रजी शब्द, तोंडावळ्यानं सख्ख्या बहिणी, पण एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही. हे फरक समजावून सांगायचे आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत मी दोन्हींचं एकेक वाक्य करून ठेवायचं. तेही आपल्या घरातलं, गावातलं. पुस्तकातलं चालत नसे.

आता आमच्याकडं भाषांचा काय तुटवडा? घरात मराठी, कचेरीत निम्मं उर्दू, बाजारात तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी. त्यात नवऱ्याशी इंग्रजी म्हणजे डोक्याला तापच. आदिलाबादला जाऊन-येऊन मी डिग्री केली, पण इंग्रजीत देवाच्या कृपेनं पास. पहिले काही शुक्रवार मी नुसती कुरकुर केली. पण खरं सांगू? मग मला ते आवडायला लागलं. लग्नानंतर आम्ही जेमतेम वर्षभर एकत्र राहिलो होतो. लेकरू अजून नाही, आणि आमच्यापेक्षा गावालाच त्याचा घोर जास्त. फोनवर ‘जेवले का’, ‘कापूस कसा हाय’ एवढं झालं की बोलणं संपायचं, कारण शेजारी सासूबाई बसलेल्या. त्यांच्यासमोर नवऱ्याशी काय बोलणार? जोडी असली की बोलायला निमित्त मिळायचं. इंग्रजीच्या आडून आम्ही दोघं जरा जवळ बसून घ्यायचो.

एकदा ‘हिअर’ आणि ‘लिसन’ अशी जोडी होती. मी वाक्य केलं की आत्याबाई हिअर करतात, लिसन करत नाहीत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आपला उल्लेख झाला हे त्यांना बरोबर कळलं.

‘काय म्हणून राह्यली रे माह्याबद्दल?’ त्यांनी फोनमध्ये तोंड घालून विचारलं.

‘तुहे कान लय तेज हायेत म्हणते, माय,’ हे तिकडून म्हणाले.

‘मंग? हायेतच,’ म्हणून त्या पदर सावरून बसल्या. आम्हा दोघांना हसू आवरेना. दुसऱ्या एका शुक्रवारी ‘थिन’ आणि ‘स्लिम’ आले, तर मी म्हटलं, आपली गाय थिन हाय आन् शेजारीण सोताले स्लिम म्हणते. यांनी ते वाक्य सुपरवायझरला ऐकवलं. तो खडूस माणूसही हसला म्हणे. मला आपली उगाच शान वाटली.

दसऱ्याच्या सुमाराला यांनी नवी जोडी दिली. होप आणि विश.

‘दोन्हीचा अर्थ मन करणंच,’ हे म्हणाले. ‘पन होप म्हणजे ते होऊ शकते. इश म्हणजे होनार नाई, हे आपल्याले ठाव असते. तरी मन आयकत नाई.’ विशला हे इश म्हणतात; मी चिडवते.

‘होनारच नाई तं त्याले शब्द कायले पायजे?’ मी म्हटलं. ‘उगी बसा ना गुमान.’

‘मले काय माईत. इंग्रजायले इचार.’ आणि मग कॅमेऱ्यात जरा पुढं सरकून, एकेक शब्द सुटा करून हे म्हणाले, ‘आय होप टु कम होम फॉर संक्रांत.’

माझ्या हातातलं फुलवात करायचं काम तसंच राहिलं. रजेचा अर्ज दिला होता म्हणे, सुपरवायझरनं मान डोलावली होती. मी सासूबाईंना सांगितलं, संक्रांतीला येऊ म्हणतात. त्यांनी लगेच उठून देवापुढं साखर ठेवली. होपचं वाक्य असं यांनीच करून टाकलं. माझ्याकडं विशचं राहिलं.

ते मला काही केल्या जमेना. अर्थ कळला नव्हता असं नाही. अर्थ चांगलाच कळला होता, अडचण तिथंच होती. आमचा कॉल व्हायचा ऐन दिवेलागणीला, आणि त्या वेळेला घरात वावगं बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. सासूबाई यात फार कडक. आमच्या घरात तेल संपत नाही, तेल ‘आणायचं’ असतं. दिवा विझत नाही, ‘शांत’ होतो. कुणी आजारी असलं तरी ‘बरं वाटून राह्यलं’ असंच म्हणायचं. मी शिकलेली, मी हे सगळं मानत नाही असं मैत्रिणींना सांगत आले. पण ज्याचा माणूस समुद्रापलीकडं आहे त्यानं मानत नाही म्हणून दाखवावं. विशचं वाक्य करायचं म्हणजे ती गोष्ट होणार नाही हे आपल्याच तोंडानं, आपल्याच घरात, दिवा लावताना कबूल करायचं. आणि माझ्या मनात वाक्य तर एकच होतं. हे इथं असते तर. ते विशच्या हवाली करायची माझी छाती होईना.

मग मी चलाखी केली. म्हटलं, आय विश आपल्या म्हशीले इंग्रजी आलं असतं.

‘हे नाई चालत,’ हे म्हणाले. ‘खरं मनातलं सांग.’

‘मनातलं होपमधी टाकून झालं,’ मी म्हटलं. ‘आता काई शिल्लक नाई.’ पुढच्या शुक्रवारी आणि त्याच्याही पुढच्या शुक्रवारी मी अशीच टाळाटाळ केली, आणि ती जोडी तशीच लटकून राहिली.

इकडं सासूबाई कामाला लागल्या होत्या. यांना हुरड्याचं वेड आहे. लहानपणी म्हणे जेवण सोडून हुरड्यावर बसायचे. आमच्या भागात हुरड्यासाठी जवारीची एक वेगळी जात पेरतात, तिला वाणी म्हणतात. दाणा गोड, कोवळेपणी भाजला की कणसातून अल्लद सुटतो. पण वाणी पावसाळ्यात पेरतात आणि दिवाळीच्या मागंपुढं तिचा हुरडा होऊन जातो. संक्रांतीला येणाऱ्याला तो कुठून मिळणार? म्हणून सासूबाईंनी विहिरीजवळचा एक तुकडा मोकळा ठेवायला लावला आणि दसरा झाल्यावर तिथं वाणी पेरली. पेरताना हिशेब एकच: पोरगा दारात उभा राहील तेव्हा दाणा हुरड्याला आलेला पाहिजे.

सगळ्या गावाची वाणी निघाली तेव्हा आमची गुडघ्याएवढी होती. बाया म्हणायच्या, ‘अवं, हे काऊन इतकं मागून पेरलं?’ सासूबाई म्हणायच्या, ‘माह्या बाबूसाठी हाय.’ पाणी मी द्यायचे. कापूस वेचून घरी जाताना वाट वाकडी करून रोज तो तुकडा बघायचे. पीक पोटरीत आलं, मग कणसं बाहेर पडली. मी जवारीशी बोलायला लागले होते, आता लपवून काय करायचं. हळू गं बाई, एवढी घाई करू नको, अजून यायचे आहेत, असं.

पौष लागला. यांच्या बोलण्यात काहीतरी बदललं होतं. तिकीट काढलं का, असं विचारलं की हे म्हणायचे, ‘पाहून राह्यलो.’ कोणत्या दिवशी निघणार, तर ‘सांगतो.’ मी खोदून विचारलं नाही. खोदून विचारलं आणि नाही म्हणाले तर? नाही हा शब्द घरात यायला नको होता. सासूबाईही विचारत नव्हत्या, त्याच कारणानं. आम्ही दोघी फोनसमोर बसून येण्याबद्दल सोडून सगळं बोलायचो.

मग तो शुक्रवार आला. दिवा लावून झाला होता. सासूबाई माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या. हे आधी कणसांची चौकशी करत राहिले, दाणा कसा आहे, पाखरं त्रास देतात का. मी फोन दाराकडं वळवून बाहेरचा अंधारही दाखवला, उगाच. मग एकाएकी हे म्हणाले, ‘त्या जोडीचं माह्यं एक वाक्य चुकलं होतं.’

‘कोनतं?’

‘होपचं.’ यांनी नजर दुसरीकडं वळवली. ‘आय विश आय कुड कम होम फॉर संक्रांत.’

तेवढं इंग्रजी मला कळत होतं. यांनीच शिकवलं होतं, तेही खोक्यावर खोकं ठेवावं तसं नीट. हातात फोन होता, फोनात यांचा अर्धा चेहरा, आणि तो चेहरा माझ्याकडं बघत नव्हता.

‘काय म्हणते?’ सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, ‘संक्रांतीले घरी यायचं लय मन हाय म्हणतात.’

यात खोटं काहीच नव्हतं. मराठीत ते असंच होतं.

‘असनच ना,’ सासूबाई म्हणाल्या आणि फोनमधल्या लेकाला सांगू लागल्या की दाणा आता भरतच आला आहे, गोवऱ्या काढून ठेवल्या आहेत, तीळ-मिठाची चटणी ताजी करू. हे ‘हो माय, हो माय’ करत राहिले. यांनी ते इंग्रजीत का सांगितलं हे मला तिथल्या तिथं कळलं. आईसमोर, दिवेलागणीला, आपल्या घरात ‘येत नाही’ म्हणायची यांची जीभ उचलली नव्हती. आमच्या वास्तूला मराठी येतं. इंग्रजी येत नाही. मलाच तेवढं निवडून यांनी ती बातमी दिली होती आणि मोकळे झाले होते.

त्याचा मला असा राग आला की काय सांगू. एवढ्या जोड्या शिकवल्या त्या यासाठी? माझ्या एकटीच्या पदरात दगड टाकायला? आणि रागाच्या खाली जे होतं ते राग नव्हतं. मी तीन मण कापूस वेचल्यासारखी थकून गेले होते. बिछान्यावरची यांच्या बाजूची चादर मी त्याच आठवड्यात धुऊन वाळवली होती.

पुढचे दिवस तर नको वाटले. सासूबाई सकाळी भाकर बांधून वावरात जायच्या आणि टिनाचा डबा वाजवत त्या तुकड्याभोवती फिरायच्या. राघूंचे थवे यायचे, कारण सगळ्या शिवारात कोवळा दाणा तेवढा आमच्याकडंच उरला होता. एवढ्याशा तुकड्यासाठी म्हातारं माणूस दिवसभर उन्हात हाकारे देतंय. मी दाण्याला नख लावून पाहायचे. आधी चीक यायचा. मग हिरवा, मऊ झाला. हुरड्याला अगदी नेमका. हा काळ काही थांबून राहत नाही. चार दिवस गेले की दाणा टणक होतो, मग तो हुरडा नाही, नुसती जवारी. सासूबाईंना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, ‘आत्याबाई, थोडा भाजून घेऊ का आपल्यापुरता?’

‘त्याच्या आधी?’ त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

संक्रांत दोन दिवसांवर आली तेव्हा दुपारी मी वावरात गेले. सासूबाई पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबा वाजवत होत्या. मी विहिरीच्या कडेला उभी राहिले आणि यांना फोन लावला. कामाच्या दिवशी मी कधी लावत नाही. तिकडं यांची जेवायची वेळ होती. यांनी फोन लगेच उचलला, आणि घाबरून विचारलं, ‘काय झालं? माय बरी हाय ना?’

‘बरी हाय,’ मी म्हटलं. ‘मी वावरात उभी हावो. इथं घर नाई, दिवा नाई, वास्तू नाई. आता मले मराठीत सांगा.’

मी वाट पाहिली. यावेळी मी यांना सोडवणार नव्हते.

‘नाई येत,’ हे म्हणाले. ‘रजा दुसऱ्याले भेटली. त्याचा बाप गेला. मीच म्हटलं, त्याले जाऊ द्या. आता उन्हाळ्याच्या आत काई जमत नाई, आन् उन्हाळ्याचंबी पक्कं नाई.’

‘मंग असं सांगायचं ना.’

‘मायसमोर कसं सांगू?’

‘मी कोन हावो?’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘मी का तुमची सुपरवायझर हावो? मले इंग्रजीत सांगता?’

मी फोन तसाच हातात धरून धुऱ्यावरून सासूबाईंकडं गेले. म्हटलं, ‘आत्याबाई, तुमच्या बाबूले तुमाले काईतरी सांगायचं हाय. घरात सांगता येत नोतं त्याले.’ त्यांनी डबा खाली ठेवला. माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि फोन कानाला न लावता दोन्ही हातांत धरला, आरसा धरावा तसा.

‘माय, मी येत नाई संक्रांतीले,’ हे म्हणाले.

मला वाटलं सासूबाई रडतील, किंवा मला बोलतील. त्यांनी विचारलं, ‘तब्येत ठीक हाय ना तुही?’ हे हो म्हणाले. ‘बरं,’ त्या म्हणाल्या. फोन माझ्या हातात दिला, डबा उचलला, पण वाजवला नाही. जवारीच्या कडेनं हळूहळू चालत त्या विहिरीकडं गेल्या आणि थारोळ्यातल्या पाण्यानं तोंड धुवायला बसल्या. राघूंचा थवा त्यांच्या डोक्यावरून आला आणि कणसांवर उतरला. त्यांनी वर पाहिलं नाही.

फोन चालूच होता. कसंबसं हे म्हणाले, ‘गेली का माय?’

‘विहिरीवर हाय.’

‘रडून राह्यली का?’

‘तोंड धुऊन राह्यली.’

एरवी बोलणं संपलं की हे जोडी काढायचे. त्या दुपारी यांनी काढली नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला होता. मी जिथं उभी होते तिथं कणसं माझ्या खांद्याला लागत होती, आणि मला यांचा हात पाहिजे होता. शब्द नको होता, मराठी नको, इंग्रजी नको. आमच्याकडं बायका नवऱ्याला असलं बोलत नाहीत. माझ्या आईला मी बोलताना ऐकलं नाही, सासूबाई तर बोलल्या नसतीलच. मीही तोवर बोलले नव्हते. इतके शुक्रवार गेले, इतके शब्द शिकले, आणि साधी गोष्ट सांगायची राहूनच गेली होती.

‘मले तुमच्याबिगर करमत नाई,’ मी म्हटलं. ‘घरात करमत नाई, वावरात करमत नाई. कायीच गोड लागत नाई मले.’

तिकडं कुणीतरी यांना हाक मारली. जेवणाची सुट्टी संपली असणार. यांनी त्या हाकेला ओ दिली नाही.

‘अजून एकडाव म्हण,’ हे म्हणाले.

मी म्हटलं.